साडूभाऊंची बस

आमच्या साडूभाऊंइतका वाहतुकीचे नियम पाळणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडणार नाही. मध्यंतरी काही वर्षं त्यांनी जी वाहतूक केली ती सगळी जेवणाच्या टेबलावर, अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर केली, हा भाग वेगळा. तिथेही ते लाल दिव्याला थांबत, वळताना आधी इंडिकेटर देत, आणि बसमध्ये एकही खरा प्रवासी नसताना दर थांब्यावर दार उघडून शेवटचा माणूस चढेपर्यंत वाट बघत.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरकडचे, पण उभी नोकरी रायपूरच्या भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. ट्रक दुसऱ्यांनी चालवायचे आणि कोणता ट्रक कुठे अडकला ते यांनी फोनवरून शोधायचं, असं काम. त्यामुळे स्वतः चालवायची सगळी हौस ते आपल्या पांढऱ्या मोटारीवर भागवत. निघण्याआधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा होई, चारही टायरांची बुटाच्या टोकाने विचारपूस होई, मग आरसे. गाडीत बोलायला बंदी. एकदा माझ्या बायकोने मागच्या सीटवर संत्रं सोललं, तर त्यांनी गाडी बाजूला घेतली, आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं आणि संत्रं संपल्यावरच पुढे निघाले. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ऐन तरुणपणी एकदा म्हटलं होतं, की मलाही शिकवा. त्यावर त्यांचं उत्तर होतं, "तुले काय कराचं आहे? मी आहो ना!" विषय तिथे संपला आणि पुढे कैक वर्षं संपलेलाच राहिला.

निवृत्त झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात, सकाळी चहा पिताना, त्यांना फीट आली. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, सगळं खा, फिरा, मजा करा, फक्त स्टेअरिंग विसरा. साडूभाऊंना फीटचं काही वाटलं नाही. ती आली तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. स्टेअरिंगची बातमी मात्र पूर्ण शुद्धीत ऐकावी लागली. मग रोज सकाळी ते गाडी पुसत, आत बसत, इंजिन सुरू करत, थोडा वेळ ते ऐकत, बंद करत आणि घरात येऊन पेपर उघडत. ताई खिडकीतून बघत.

अशात त्यांच्या मुलीने पुण्याहून आपला जुना लॅपटॉप पाठवला, हेतू हा की बाबांचा चेहरा दिसावा. बाबांना तो पाहून वेगळंच आठवलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काही कारकून दुपारी बस चालवायचा गेम खेळत, आणि साडूभाऊ त्यांची टिंगल करत. आता त्यांनी तोच गेम कुठून तरी मिळवला आणि लॅपटॉप काखेत मारून गोल बाजाराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "अंकल, गेम विंडोज का है, मशीन ऐपल की. इसमें नहीं चलेगा." साडूभाऊ तिथून तडक तेलीबांध्याला माझ्या घरी. "भाऊ, गाडी कोन्त्याही कंपनीची असो, रस्ता तर एकच असते ना? मंग हे काहून नाही चालत?"

मी नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात कॉम्प्युटर विभागात आहे, त्यामुळे नात्यातल्या लोकांच्या मते मला मिक्सरही दुरुस्त करता येतो. मी त्यांना समजावलं, की लॅपटॉपच्या पोटात एक प्रोग्राम बसवावा लागेल. तो गेमला अशी थाप मारेल की बाबा रे, तू विंडोजमध्येच आहेस. "थाप माराची?" ते जरा थबकले. मग म्हणाले, "मारा."

ती थाप पचायला माझे बरेच रविवार गेले. पहिल्या वेळी बस आली, रस्ता आला नाही. पुढच्या वेळी रस्ता आला, पण आभाळ काळंकुट्ट आणि आवाज गायब. साडूभाऊ म्हणाले, "इंजनचा आवाज नसंल तर गिअर कोन्त्या भरवशावर टाकू?" आवाज आणला. मग हॉर्नचं निघालं. गेम लिहिणाऱ्याने हॉर्न इन्सर्ट नावाच्या बटणावर ठेवला होता आणि हे बटण अ‍ॅपलच्या कीबोर्डवर नसतंच. मी म्हटलं, हॉर्न सोडून बाकी सगळं चालतंय, करा सुरुवात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बिनब्रेकची गाडी घाटात न्यायला सांगतोय. "बिना हॉर्नची बस? अन् रस्त्यावर काढू? मानसं मारू काय?" शेवटी मी हॉर्न एका साध्या अक्षरावर आणून बसवला, तो त्यांनी वाजवून पाहिला, शेजारच्या दीदी बाहेर डोकावल्या आणि बस एकदाची सुटली.

त्यानंतर त्या घराचं वेळापत्रक बसप्रमाणे चालू लागलं. सकाळी आंघोळ करून, फुलपँट आणि बूट घालून साडूभाऊ टेबलाशी बसत. लुंगीवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा नियम. जुना लॅपटॉप तापला की "इंजन गरम झालं" म्हणून बस धाब्यावर उभी राही, लॅपटॉपखाली दोन पालथ्या वाट्या सरकवल्या जात आणि तो निवेपर्यंत ड्रायव्हर चहा घेई. तेवढ्यात कोणाचा फोन आला तर ताई सांगत, "हे गाडीवर आहेत." ताई शेजारी भाजी निवडत बसत. त्यांच्याकडे मागचं बघायचं काम होतं. "मांगून कोनी येऊन राहिलं का?" असं ते विचारत, आणि ताई मान वर न करता "एक ट्रक आहे, जाऊ द्या त्याले" म्हणत. हळूहळू मान वर होऊ लागली.

एका रविवारी मी गेलो तर साडूभाऊ पोस्टातून यायचे होते आणि टेबलाशी ताई. भाजी बाजूला, पदर खोचलेला, आणि बस एका अरुंद पुलावरून हळुवार चालली होती. इतक्यात ते दारात आले. मी म्हटलं, आता काही खरं नाही. ते बूट न काढता मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे वाकले.

"क्लच दाब."

"याच्यात क्लच नाही आहे," ताई म्हणाल्या. "इतके दिवस चालवून राहिले, तुमाले माहीत नाही?"

ते बूट काढायला दाराशी गेले. मी चहा न घेताच निघालो.

आणि मग त्यांनी मोटार विकायचं ठरवलं. उभी राहून सडते, बॅटरी उतरते, दवाखान्यात जायला ऑटो आहेच, अशी कारणं ते अगदी शांतपणे सांगत होते. गिऱ्हाईक येणार म्हणून त्यांनी मला बोलावलं. गिऱ्हाईक सज्जन होता. गाडीभोवती फिरला, टायर पाहिले, "अंकल, बहुत संभाल के रखी है" म्हणाला. साडूभाऊ किल्ली त्याच्या हातात देणार, तोच ताई पायरी उतरून आल्या.

"भैया, गाड़ी नहीं बेचनी है."

साडूभाऊ चकित. "काहून? कोन चालवंल?"

"मी."

"तू? टेबलावर चालवनं वेगळं..."

"मंग तुमी बाजूले बसा अन् सांगा. टेबलावर बी तेच करता." ताईंचा आवाज चढला नव्हता. "तुमाले रात्रीबेरात्री काही झालं, तर मी कोन्या परक्या पोराच्या दारी उभी राहू का? मले शिकाचं आहे. तवाच शिकाचं होतं."

गिऱ्हाईकाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. साडूभाऊंनी किल्ली बोटात फिरवली, एकदा ताईंकडे बघितलं आणि ती त्यांच्या हातात न देता गाडीच्या टपावर ठेवून आत निघून गेले. ताईंनी ती उचलली.

काही दिवस घरात अबोला होता. सकाळी ताई मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीवर जात आणि हे घरात एकटेच बस चालवत. मग एक दिवस त्यांचा मला फोन आला, की तुमच्या नव्या रायपुरातले रस्ते रुंद अन् रिकामे आहेत म्हणतात, रविवारी येऊ का. आले. ताई स्टेअरिंगवर, हे डावीकडे, पाय पायपुसण्यावर ब्रेक दाबताहेत. "हळू. हळू. आता घे. हव, असं." दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला आणि ताईंना गाडी वळवता येऊ लागली. लायसन्सच्या परीक्षेत त्या पहिल्या खेपेला पास झाल्या. पेढे साडूभाऊंनीच वाटले, आणि प्रत्येकाला सांगितलं की मुख्य ट्रेनिंग घरी झालं.

लॅपटॉपवरची माझी जोडाजोड पुढे कसल्याशा अपडेटनंतर कोसळली आणि बस सुरू होईना. मी दुरुस्तीच्या तयारीत होतो, पण फोन आला नाही. मीच विचारलं तर म्हणाले, "राहू द्या भाऊ, टाइम कोनाले आहे!"

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं राजनांदगावला एका लग्नाला गेलो. ताई चालवत होत्या, बेताने, नेमक्या वेगात. दुर्ग मागे पडलं तरी साडूभाऊंनी एकही सूचना केली नव्हती. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. तिला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मी पुढे वाकून पाहिलं. त्यांनी काच खाली केली होती, हात बाहेर टेकवला होता आणि ते बाजूला बघत होते. रस्त्याला लागून एक तळं गेलं, पुढे दुसरं, कमळांनी भरलेलं, काठावर धुणं वाळत घातलेलं.

"या रस्त्याले इतके तलाव आहेत?" ते म्हणाले.

"पहिल्यापासूनच आहेत," ताई समोर बघत म्हणाल्या.

"असतीन," ते म्हणाले. "मी नाही पाहिले कधी."

ताईंनी गाडी जराशी हळू केली.