मुग्धाची रायफल आणि माझे दोन डबे

फजिती सांगायची तर स्वतःची, आणि तीही पूर्ण वाक्यांत, असा माझा नियम आहे. तेव्हा चहा निवण्याआधी ऐका.

आमची सून मुग्धा ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते. मुलगा खाणीच्या नोकरीसाठी कालगुर्लीला असतो, म्हणून निवृत्तीनंतर हे आणि मी तिच्याकडे आलो. आठवडाभर ती संगणकात बुडालेली असते आणि शनिवारी नेमबाजी करते. खरी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफल इथे सामान्य माणसाच्या हाती पडत नाही. मुग्धाकडे आहे ती जुन्या लष्करी रायफलीची हुबेहूब प्रतिकृती, जेल ब्लास्टर. ती गोळीऐवजी पाण्यात फुगवलेले जेलचे दाणे मारते.

ती निवडताना लाकडी दस्ता खांद्याला नीट बसतो का, हे पाहण्यासाठी मुग्धाने दुकानात अकरा रायफली उचलून ठेवल्या. लग्नाचा शालूही मी इतका पारखून घेतला नव्हता! मग ट्यूनिंग सुरू झाले. स्प्रिंग बदलायची, दहा दाणे मारायचे, वेग वहीत लिहायचा, हवा गळते तिथे रबरी रिंग बसवायची, पुन्हा दहा दाणे. माझ्या विद्यार्थिनींच्या प्रयोगवह्या अशा असत्या, तर माझे लाल पेन वाळून गेले असते.

तिची पहिली स्पर्धा नेमकी खंडेनवमीला आली. सकाळी मी रायफलीच्या दस्त्याला हळदकुंकू वाहिले. फ्रीजमध्ये तिचे पांढरे जेलचे दाणे प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजत होते आणि शेजारी माझा उपासाचा साबुदाणा. उपासाच्या पदार्थाशेजारी प्लॅस्टिक? मला खपेना. मी दोन्ही एकसारख्या स्टीलच्या डब्यांत काढले.

“आई, वर नावं लिहू का?” मुग्धाने विचारले.

“नावं विसरभोळ्यांसाठी असतात,” मी म्हणाले.

निघताना तिने दाणे बाटलीत भरायला सांगितले. मी ते व्यवस्थित निथळून भरले आणि दुसरा डबा खिचडीसाठी ह्यांच्या हाती दिला.

मैदानावर मी तिच्याबरोबर गेले. तिची पाळी येणार, इतक्यात घरून ह्यांचा फोन. “अगं, साबुदाणा मऊच होत नाही. कढईत टणाटण उडतोय.”

आच मंद करा, झाकण ठेवा, चाळीस वर्षांत साधी खिचडी शिकला नाहीत, असे मी बरेच सुनावले.

“झाकण ठेवलंय,” हे म्हणाले. “आतून धडका देतोय.”

मी फोन बंद केला. शिट्टी झाली. मुग्धाने श्वास रोखून चाप ओढला. ‘फच्च’ असा आवाज आला आणि नळीच्या तोंडाशी पांढरी खळ लोंबू लागली. उंच, पिकल्या दाढीचे पंच आले. त्यांनी ती बोटावर घेतली, चोळली, हुंगली.

“व्हॉट्स धिस, मेट?”

मुग्धाने रायफलीकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहिले.

“आई, घरी बाबा काय परतताहेत?”

गॅस बंद करा, आणि चव मुळीच घेऊ नका, हे सांगण्यासाठी मी किती घाईने फोन लावला, ते विचारू नका.

पहिली फेरी शून्यावर गेली. मुग्धाने मात्र तिथेच रायफल उघडली, नळी पुसली, शेजारच्या नेमबाजाकडून दाणे मागून घेतले आणि उरलेल्या फेऱ्यांत एकही नेम चुकवला नाही. तिसरी आली! अभिमानाने माझा ऊर भरून आला.

घरी आल्यावर तिने माझ्यापुढे एक पेन आणि डब्यांवर लावायच्या कोऱ्या चिकटचिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. बरोबर पन्नास.

शाळेत मी चुकलेला शब्द शिक्षा म्हणून पन्नास वेळा लिहायला लावत असे. हे तिला कोणी सांगितले, ते विचारायची गरज नव्हती. हे कढई घासता घासता हसत होते.

आता आमच्या फ्रीजमधल्या लिंबावरसुद्धा ‘लिंबू’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आहे.