मोजून आवळणारा पाना

हत्यारांच्या बाबतीत फोर्कवाल्या अण्णांना कुणी शिकवायला गेलं, की ते त्याला दारातही उभं करत नसत. डोंगरात उड्या मारणाऱ्या सायकलींचे पुढचे फोर्क, म्हणजे धक्के गिळणाऱ्या त्या दोन नळ्या, उघडून तेल आणि ते गळू न देणारे रबरी सील बदलायचे, एवढाच त्यांचा धंदा. पण त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोर्कच्या झाकणाला कडा असते जेमतेम. ते फिरवायचा बाजारातला सॉकेट तिच्यावर नीट बसत नाही, निसटतो आणि कोपरे खातो. म्हणून अण्णांनी सॉकेटचं तोंड स्वतः घासून सपाट केलेलं. सील काढायला कुणी स्क्रूड्रायव्हर उचलला की त्यांचं डोकंच फिरे. आत ओरखडा पडला की तेल गळणार आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने खडे फोडणार, असं बडबडत ते टायर काढायची रुंद पट्टी त्याच्या हातात कोंबत.

एवढा काटेकोर माणूस, पण मोजून आवळणारा पाना, तो कट्ट वाजून ‘पुरे’ सांगणारा, त्यांनी कधी घेतला नाही. म्हणत, “माझं मनगट सांगतं मला.” बायको म्हणे, “मनगट तरी बोलतं, नशीब.”

खरं म्हणजे मनगटाने वर्षभरापूर्वीच बोलणं टाकलं होतं. साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झाली होती. शर्टाचं बटण लावायचं तर खाली बघावं लागे. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की मग अण्णा उरले कुठे? या भीतीने बिचारे तोंड शिवून काम करत राहिले.

त्या दुपारी दुकानातल्या स्टँडवर लेकीची सायकल होती. दुसऱ्या दिवशी तिची डोंगरउताराच्या शर्यतीची निवड स्पर्धा, दोन वर्षं तिने त्या स्पर्धेसाठी जिवाचं रान केलेलं. अण्णांनी हवा सोडली, फोर्कचे चाक धरणारे खालचे पाय उतरवले, नवे सील बसवले, तेल भरलं. राहिला खालचा बोल्ट. हाच बोल्ट फोर्कचा पाय वरच्या नळीला धरून ठेवतो. अण्णा आवळत गेले. ‘पुरे’ कधी वाटतंय याची वाट बघत राहिले. ते वाटलंच नाही. आणि मग बोल्ट एकदम मोकळा फिरायला लागला. आतल्या दांड्याचे आटे गेले होते.

तसा दांडा गावात मिळणारा नव्हता. आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाची बाटली समोरच होती. थोडा डिंक लावला तर बोल्ट दिसायला घट्ट बसला असता. त्यांनी बाटली उघडली, आणि डिंक लावलासुद्धा.

लेक आली, हँडलवर भार टाकून दोनदा दाबून बघितलं. “बाबा, लोण्यासारखा झालाय.”

अण्णा तिच्या मानेकडे बघत होते. पहिल्या मोठ्या उडीला चाकासकट पाय निघाला तर ही मान कुठे आदळेल, ते त्यांना दिसलं.

“ही सायकल उद्या जाणार नाही, बाळा. आटे घालवलेत मी. वरून डिंक लावलाय.”

ती आधी हसली. मग त्यांचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. “दुसरा फोर्क आता कुठून आणू? तुम्हाला माहीत होतं ना उद्या काय आहे?” रडू आवरेना, तशी ती पाठ फिरवून उभी राहिली. अण्णा तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि तसाच मागे घेतला.

“मला बोटांना काही कळत नाही गं,” ते म्हणाले. “किती आवळलं ते कळत नाही.”

ती वळली. रडणं तिथल्या तिथे थांबलं.

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष.”

“मग वर्षभरात इथून गेलेले बाकीचे फोर्क, बाबा?”

हा प्रश्न अण्णांनी स्वतःला एकदाही विचारू दिला नव्हता. ते स्टुलावर बसले. मग फोन उचलला, पण बोटं भलत्याच आकड्यांवर पडत होती. लेकीने तो त्यांच्या हातातून घेतला, पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला.

“अण्णा बोलतोय,” ते म्हणाले. “सायकल परत घेऊन या. नाही, बसून नका येऊ. ढकलत आणा.”