अण्णांनी टिप ठेवली नाही

पुण्याहून गाडी सुटली तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखत होतं. औषधानं जाणारं दुखणं नव्हे ते. माझी एकुलती एक मुलगी मुग्धा लग्न होऊन बंगळुरूला गेली, आणि तेव्हापासून तिच्या प्रत्येक फोनमध्ये सासरे असतातच. अण्णा असं म्हणाले, अण्णांनी तसं केलं. हे अण्णा मला एकदा नीट पाहायचे होते. माझी मुलगी अजून माझी आहे का, तेही.

स्टेशनवर न्यायला नेमके तेच आले. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. मल्लेश्वरमला भांड्यांचं दुकान, राहायला बनशंकरीत. "सरी (बरं), व्याहीबुवा, प्रवास बरा झाला ना?" म्हणत त्यांनी माझी बॅग काढूनच घेतली. रिक्षावाला, फुलवाली, सोसायटीचा रखवालदार, जो तो त्यांना बघून हसत होता. ऐन मे महिन्यात वारासुद्धा गार! मला सगळ्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं मल्लेश्वरमला गेलो, अण्णांच्या नेहमीच्या हॉटेलात. दोसा आला तो लोण्याचा गोळा डोक्यावर घेऊन. वाढपी नागराज, पन्नाशीचे, न मागता चटणी वाढत होते. दोसा उत्तम होता, हे मी मुद्दामच बोललो नाही.

"पुण्याची माणसं बिल तीनदा वाचतात म्हणे," अण्णा म्हणाले.

"आणि बडीशेप दोनदा घेतात," मुग्धा म्हणाली. माझीच मुलगी, आणि त्यांच्या बाजूनं!

मग तिनं ऑफिसच्या कामाच्या दौऱ्यांतल्या गमती काढल्या. "अमेरिकेत टिप ठेवायला विसरले, तर वाढणाऱ्या बाईनं असं बघितलं, जसं काही मी चमचेच पळवलेत. जपानमध्ये आठवणीनं ठेवली, तर तिथली बाई पैसे परत द्यायला सिग्नलपर्यंत धावत आली."

"म्हणजे अमेरिकन लोभी आणि जपानी मानी," मी निकाल देऊन टाकला.

"तसं नाही हो बाबा. अमेरिकेत वाढणाऱ्यांचं घर टिपेवर चालतं. आणि पुणेकर चिक्कू, हेही असंच कुणीतरी ठरवलेलं."

अण्णांनी बिल दिलं, नागराजना गुडघ्याचं काहीतरी विचारलं आणि निघाले. टिप नाही! मला संधी मिळाली. पुण्याची इज्जत राखायला मी बशीखाली शंभराची नोट सरकवली.

फाटकाशी पोचतो तोच नागराज धापा टाकत आले. "सार्, दुड्डु (पैसे)!" नोट त्यांनी माझ्या नाही, अण्णांच्या हातात ठेवली. ती विसरलेली नाही, तुमच्यासाठीच आहे, असं अण्णांनी कानडीत समजावलं. नागराज मान हलवून काही बोलले.

"अण्णांच्या घरच्यांकडून कसे घेऊ, म्हणतायत," मुग्धानं सांगितलं. "अण्णा त्यांना टिप देत नाहीत, बाबा. सणाला त्यांच्या घरी जेवायला जातात."

टिप परक्यानं द्यायची, एवढं मला समजलं. आणि मग दुसरंच काही डोक्यात घुसलं. मुग्धा हॉस्टेलला गेली तेव्हापासून दर निरोपाला मी तिच्या हातावर पाचशे रुपये ठेवत आलोय. अण्णा ठेवत नसणार. ते कशाला ठेवतील? ती त्यांच्याच घरात राहते. पाहुण्यासारखा मीच काहीतरी ठेवून निघतो! त्या विचारानं उरलेले दोन दिवस मला बंगळुरू धड दिसलंच नाही.

म्हणून परतीच्या दिवशी स्टेशनवर मी पाचशेची नोट खिशातच ठेवली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डब्यात चढलो. मुग्धानं खिडकीतून तळहात आत घातला.

"बाबा, विसरलात?"

"काय?"

"माझे पाचशे."

तिचा पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे. तरी तो हात तसाच पुढे राहिला, नोट पडेपर्यंत. अण्णा तिच्या मागे उभे राहून हसत होते. त्यांचं हसणं पहिल्यांदाच मला टोचलं नाही.

पुण्याला उतरलो तोवर पोटातलं दुखणं बरंचसं थांबलं होतं. अगदी पूर्ण नाही. अण्णांपुढेही ती असाच हात करते का, हे मी तिला विचारलेलं नाही. करत असेल, तर कृपा करून मला कुणी सांगू नका.