राजूच्या दुकानातला सर्व्हर

आधीच सांगते, भूतबित, करणी, अंगात येणं... असले विषय कोणी काढले की मी उठून चहा ठेवायला जाते. कम्प्युटरवर काम करण्यात आयुष्य गेलं माझं. मशीन बिघडलं तर कारण असतं आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढंच मला कळतं. पण या एका गोष्टीपुढे माझी अक्कल चालत नाही, म्हणून लिहितेय.

२००७-०८ चा सुमार. माझ्या धाकट्या भावाचं, राजूचं, आर्वीला मोटारपंप अन् पाइपचं दुकान होतं. मी पुण्यात नोकरीला. दुकानात ब्रॉडबँड आलं तेव्हा मीच सगळं जमवून दिलं... मी पुण्यात घरी बसून त्याच्या कम्प्युटरला जोडायचे, तिथला स्क्रीन जसाच्या तसा माझ्यासमोर यायचा आणि बिलांच्या सॉफ्टवेअरचं काय अडलंय ते मी इथूनच बघायचे. गल्ल्यावर एक, गोडाऊनमध्ये एक, असे दोनच कम्प्युटर. पण गल्ल्यावरच्याला हा पठ्ठ्या ऐटीत ‘सर्व्हर’ म्हणायचा.

त्यात एक मेख होती. मी जोडलेली असले की दुकानातला स्क्रीन लॉक. आणि दुकानात कोणी पासवर्ड टाकला की मी बाहेर! ‘दुसऱ्या युजरने ताबा घेतल्यामुळे कनेक्शन बंद’ असा निरोप यायचा. राजूला हे कळलं मात्र... माझं काम रंगात आलं की हा मुद्दाम पासवर्ड टाकायचा अन् लगेच फोन करायचा. “काऊन वं ताई, पाडलं का नाई खुर्चीवरून?”

“मेल्या, काम करू दे ना!” मी ओरडायचे. तो हसत सुटायचा. ‘मेल्या’ म्हणायचे हो मी त्याला... आता तो शब्द माझ्या तोंडून कोणासाठीच निघत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता वाढला, वर्ध्याला हलवलं, आणि आठवड्याच्या आत तो गेला. पस्तिशीही झाली नव्हती. मी पुण्याहून पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं.

तेरवी करून मी परतले. एकटीला झेपेना म्हणून त्याच्या बायकोने, सुनीताने, दुकान कम्प्युटरसकट एकाला दिलं. तो सोमवारी ताबा घेणार होता. रविवारी सकाळी सुनीताचा फोन आला.

“ताई, ह्यायच्या कम्प्युटरमंधी मनूचा चालतानाचा व्हिडिओ हाय. ह्यायचा आवाज हाय त्यात. तेवढा काढून घ्या ना.”

मनू त्यांची मुलगी, दीड वर्षाची. बापाचा चेहरा फोटोत तरी दिसेल, आवाज कुठून आणायचा? सुनीताने दुकानात जाऊन कम्प्युटर सुरू केला, शटरला कुलूप लावलं आणि ती घरी आली. दुपारी मी जोडलं. व्हिडिओ सापडला, कॉपी सुरू केली. नेट असं रडतखडत चालायचं की तासभर तरी लागणार होता.

थोड्याच वेळात कनेक्शन बंद. ‘दुसऱ्या युजरने ताबा...’

वैतागून सुनीताला फोन लावला. “अगं, हात नको लावू ना त्याला!”

“मी तं घरीच आहो ताई. मनूले जेवू घालून राह्यली. चाबी माह्याजवळच हाय.”

परत जोडलं. परत तेच. आणि पासवर्ड फक्त राजूला अन् मला माहीत होता.

सुनीताला दुकानात पाठवलं, मोबाइल हातात घेऊन. कुलूप होतं तसंच. आत कोणी नाही. “कम्प्युटर उघडा हाय ताई. मनूचा फोटो दिसून राह्यला.” तो राजूने स्क्रीनवर लावलेला, म्हणजे लॉक उघडलेलं होतं. मी म्हटलं, तू लांब उभी राहा, मी पुन्हा जोडते. कॉपी सुरू झाली. आणि एकदम फोनवर तिचा घाबरा आवाज...

“ताई, त्या पासवर्डच्या चौकोनात टिंबं येऊन राह्यली... कोणीतरी टाइप करून राह्यलं!”

मी बाहेर फेकले गेले होते. मग सुनीता हळूच म्हणाली, “ताई... हेच हायेत का हो?”

मलाही तेच वाटलं. पण भीती? भीती कसली... माझा राजू तो. मी म्हटलं, स्पीकर लाव. अन् पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून, नवऱ्यादेखत, मोठ्याने म्हणाले, “राजू, ऊठ बाबा आता. थोडा वेळ मले बसू दे. मनूले तुझा आवाज पाह्यजे रे.”

मग जोडलं. कॉपी शेवटपर्यंत झाली.

ऑफिसातले म्हणाले, बाहेरून कोणीतरी घुसलं असेल. अरे, पण बाहेरून घुसलं तर दुकानातला स्क्रीन लॉकच राहतो ना! तो उघडा होता. टिंबं सुनीताने डोळ्यांनी पाहिली. इतकी वर्षं झाली, मनू कॉलेजात गेली, तरी मला याचं कारण सापडलेलं नाही.

त्या दिवशी व्हिडिओ आल्यावर सुनीता शटर लावून घरी गेली. मला कनेक्शन बंद करायचं होतं... पण हात होईना. ऊठ म्हटलं अन् पोरगं मुकाट उठलं, हे काळजात रुतून बसलं होतं. म्हटलं, टाक रे पासवर्ड, एकदा पाड मला. दिवेलागण झाली, तरी मी तशीच बसून होते. मला कोणी पाडलं नाही.