खाणीचं निवळलेलं पाणी

आमच्या चाळीमागे दगडाची जुनी खाण आहे. खडी काढणं थांबल्यावर तिच्यात पाणी साठलं आणि चाकणभोवती कंपन्या वाढल्या तशा तिच्या काठाने भाड्याच्या खोल्या वाढल्या. आमच्या मालकांच्या बारा खोल्या आहेत. सांडपाणी चरातून खाणीतच जातं. एरवी बोअर पुरतो, पण या उन्हाळ्यात तो आटला. मग मालकांनी खाणीत मोटर सोडली आणि ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला सुरुवात केली. धुण्याभांड्याला ते, प्यायला विकतचा जार.

थोड्याच दिवसांत खाणीवर हिरवा तवंग आला. आधी काठाला दिसला, मग वारा ज्या बाजूला ढकलेल तिकडे सायीसारखा जाड झाला. काठी बुडवली की रंगाच्या डब्यातून काढल्यासारखी हिरवी वर यायची. वास कुजलेल्या गवताचा. रोज येणारे दोन बगळे यायचे थांबले, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील लातूरकडून आले, कंपनीत कंत्राटावर आहेत. चाळीत औषधाच्या पाकिटावरचं वाचायचं असो की फॉर्म भरायचा, मलाच हाक येते. मला येत नसलं तरी मी जाते.

एका रविवारी मालकांनी बोलावलं. त्यांच्या हातात निळ्या खड्यांची पिशवी होती.

"काय गं, मोरचूद टाकू का? आमच्या बापानं हिरीत टाकल्यालं. चार दिसांत पानी आरशावानी. तुमच्या कॉलेजात काय सांगत्यात?"

मोरचूद शेवाळ मारतं, एवढं मला माहीत होतं. कॉलेजातल्या मॅडमना विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. पण चार माणसं माझ्याकडे बघत होती.

"हो, चालतं," मी म्हणाले.

"बघा राव," मालक बाकीच्यांकडे वळले, "शिकल्याली पोर हाय आपल्यात. उगा घाबरत व्हता तुमी."

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून मनातून जात नाही.

खडे गोणपाटात बांधून, दोराने ओढत त्यांनी सगळ्या खाणीतून फिरवले. त्याआधी मी प्रॅक्टिकलसाठी एक बाटली पाणी भरून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी पाणी खरंच निवळलं. काठाजवळचा तळ दिसू लागला. शेजारच्या वहिनींनी प्यायचा जार बंद केला. त्यांचं बाळ पाच महिन्यांचं. त्या पॅकिंगच्या कामाला जातात, म्हणून त्याला डब्याचं दूध.

"काचेसारखं झालंय बघ पाणी," त्या म्हणाल्या. "तूच म्हणलीस ना, चालतं? आन् मी उकळूनच देते, बाई."

मी हसले. उकळल्यावर काय राहणार, असं मलाही वाटलं.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत मॅडमनी माझ्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.

"हे पाणी कुणी पितं का?"

मी सगळं सांगितलं. मोरचुदाचंही.

"अगं, हे नीलहरित शेवाळ आहे. मोरचुदाने याच्या पेशी फुटतात. विष पेशींच्या आत असतं. आता ते पाण्यात उतरलं असेल."

"पण पाणी स्वच्छ दिसतंय, मॅडम."

"दिसणारच."

"आणि उकळलं तर?"

"त्याने विष जात नाही. या जातीतलं प्रत्येक शेवाळ विषारी असतंच असं नाही. मी नमुना तपासणीला पाठवते. पण निकाल येईपर्यंत विषारीच समजायचं. यकृतावर परिणाम होतो." मग त्यांनी विचारलं, "लहान मूल आहे का तिथे कुणाचं?"

कॉलेज निगडीला, तिथून घरी यायला दोन बस लागतात. दुसरी बस चुकली. पोचले तेव्हा संध्याकाळचं पाणी सोडलेलं होतं आणि नळाशी हंडे लागले होते. हे पाणी पिऊ नका, मी म्हणाले. कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा म्हणाले.

"रविवारी चालतं, आज चालत नाही," रांगेतला एक दादा म्हणाला. "मॅडमनी नापास केलं काय?"

सगळे हसले. मालकही आले. "अगं, तळाचा दगड दिसतुया की! आता कसलं ईष?"

"माझं चुकलं, मालक. मी न विचारता सांगितलं."

वहिनी हसल्या नव्हत्या. त्या दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या.

"दोन दिवस याच पाण्याचं दूध देतेय मी," त्या म्हणाल्या. "कालपासून पोटात ठरत नाही त्याच्या. मला वाटलं, ऊन लागलं."

मालकांनी स्वतः जाऊन कॉक बंद केला आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात वहिनी एकच वाक्य बोलत राहिल्या. "प्रत्येक वेळी उकळलं होतं गं मी. प्रत्येक वेळी."

दवाखान्यात डॉक्टरांनी मोरचुदाचं आणि शेवाळाचं ऐकून घेतलं, बाळाचं रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि त्याला ठेवून घेतलं. उलटी उन्हानेही होऊ शकते, म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. वहिनी बाकावर बसल्या. बाळाचा इवला पाय त्यांनी मुठीत धरला होता.

"बरा होईल ना गं हा?" त्यांनी विचारलं. डॉक्टर समोरच होते, पण विचारलं मला.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले.