देवाकडे मागितलेली तहकुबी

आमच्या धाकट्या भावजींइतका देवाला कामाला लावणारा माणूस उभ्या सिंधुदुर्गात दुसरा सापडायचा नाही. जत्रेत रवळनाथापुढे नारळ ठेवून गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी 'बा देवा म्हाराजा' म्हणून गळा मोकळा केला, की आम्हा सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' व्हाळाच्या पाण्यापलीकडे ऐकू जातं. पण मान जत्रेचा, तर तो जत्रेपुरता वापरावा की नाही? भावजी बंद पडलेल्या मिक्सरपुढेसुद्धा हात जोडून उभे राहणार. एसटीला उशीर झाला की स्टँडवरच सुरू: 'बा म्हाराजा, डायवराक सुबुद्धी दी, टायरांत हवा ऱ्हांव दी!' आणि तिथली कोण कुठली माणसंही 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळी. जाऊबाई हयात होत्या तेव्हा कपाळाला हात लावायच्या. 'एकदा देवानच ह्येंका गाऱ्हाणा घालूक होया, मगे कळात!'

त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेत. तिथंच नोकरी, तिथंच लग्न. दर जत्रेला गावाचं सगळं मागून झालं, की भावजी आवाज खाली घेऊन मुलाला घरी आणायचं एक स्वतःचं घालायचे, 'माझ्या झिलाक घराक हाड रे म्हाराजा.' आम्ही 'व्हय' म्हणायचो. मीही.

आणि गेल्या वर्षी देवानं ऐकलं की हो! मुलाची नोकरी सुटली, राहायच्या परवान्याची मुदत सरली, आणि त्याला परत पाठवायचा खटला उभा राहिला. सून तिथलीच नागरिक. त्याला तिथं राहू द्या म्हणून तिनं अर्ज केलेला. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुढची तारीख द्या, एवढंच वकिलानं मागितलं. न्यायाधीशानं तारीख नाकारली आणि देश सोडायचा हुकूम दिला. सुनेला तेव्हा दिवस गेलेले. फोनवर मुलगा रडला.

मी गेले तर भावजी ओट्यावर पांढरेफटक बसलेले.

'वयनी, ह्या माझ्याच गाऱ्हाण्यान झाला. घराक हाड म्हटलंय, कसो हाड ता खंय सांगितलंय?'

'भावजी, अमेरिकेचो जज काय रवळनाथाचा ऐकता?'

'मगे कोणाचा ऐकता?'

काजूच्या बांधाच्या भांडणात त्यांचं अर्धं आयुष्य कोर्टात गेलेलं. समोरच्या वकिलाची म्हैस व्याली तरी तारीख मिळते, हे पाहिलेला माणूस तो. तारीख न देणारं कोर्ट असतं हेच त्यांना पटेना.

पुढे अपील झालं, त्याच्या निकालापर्यंत हुकूम थांबला. वरचं कोर्ट म्हणे, मुलाला ठेवायचं की पाठवायचं ते बघणार नव्हतं. तारीख नाकारली ती बरोबर की चूक, एवढंच बघणार होतं. आम्हाला हे काही कळेना, भावजींना लगेच कळलं. आमच्याकडे देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल मागतात. डावी पडली, म्हणजे देव नाही म्हणाला, तर त्याच्याशी कोणी भांडत नाही. पण गाऱ्हाणं नीट मांडून पुन्हा विचारता येतं. 'तसाच ता,' म्हणाले, आणि सकाळीच नारळ घेऊन निघाले. मलाही ओढलं.

'बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान मागितला ता तू देऊक लागलंस. चूक तुझी नाय, मागणाऱ्याची. तर माझा ता गाऱ्हाणा सध्या तहकूब कर, आणि वरच्या जजाक आमचा कारण समजान घेवची बुद्धी दी!'

गुरव गोंधळून बघतच राहिला. देवाकडे तारीख मागितलेली त्यानं कधी ऐकली नव्हती. मग मीच एकटीनं जोरात म्हटलं, 'व्हय म्हाराजा!'

निकाल यायच्या आधी नात झाली. मग फोन आला: सुनेच्या अर्जाचा विचारच न करता तारीख नाकारली, ते चूक. हुकूम रद्द, प्रकरण पुन्हा खाली. भावजींनी वाडीभर साखर वाटली.

यंदाच्या जत्रेत गावाचं मागून झालं. भावजींनी सवयीनं आवाज खाली घेतला. आम्ही 'व्हय' तयार ठेवलेलं. ते थांबले. नारळ उचलून पुन्हा नीट ठेवला.

'झिलाक... आसा थंय, अमेरिकेतच सुखी ठेव रे म्हाराजा.'

परतताना व्हाळाशी आल्यावर हळूच म्हणाले, 'वयनी, तहकूब केल्ला गाऱ्हाणा देव विसरणा नाय मां?'

'नाय ओ भावजी. पुढची तारीख देता.'

'व्हय,' ते म्हणाले. पुढचं 'म्हाराजा' काही त्यांच्या तोंडून आलं नाही.