बोटभर रिकामा डबा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक बाई आळे गावात माझ्या घरी आल्या होत्या. जुन्नरला पत्र्याचे डबे, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करणारे कादरचाचा गेले, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. मी ‘अरेरे’ म्हणाले. ते माझे कोणीच नव्हते. तरी आठवडाभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. दुःख झालं होतं की मन खात होतं, ते मला अजून उमगलेलं नाही...

पंधराएक वर्षांपूर्वी मी जुन्नरच्या शाळेत नवीन होते. नववीला घनफळ शिकवायचं होतं. तोंड आणि उंची सारखी असेल तर तीन शंकू ओतल्यावर डबा काठोकाठ भरतो, हे मुलांना डोळ्यांनी दाखवायची मला भारी हौस. चाचांना सांगून आले : दोन्हींचं तोंड सहा इंच, दोन्हींची उंची सात इंच. त्यांनी सांध्यांना कथलाचा सुबक डाग देऊन दोन्ही वस्तू करून दिल्या. वर्गात बाजरी भरून मी एक, दोन, तीन शंकू ओतले. डबा बोटभर रिकामाच राहिला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, सूत्र चुकलं?” मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “सूत्र नाही, पत्रेवाल्याचं चुकलं.”

संध्याकाळी तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर चाचांना बरंच ऐकवलं. त्यांनी शंकूच्या कडेला पट्टी लावली. “सात इंच हाय की बाई.” मी म्हणाले, मग भरत का नाही? त्यांनी शंकू उलटसुलट करून पाहिला. “मग माझंच चुकलं आसंल. परवा या.” तिसऱ्या दिवशी नवा शंकू मिळाला. तीन मापांत डबा भरला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी सहज नव्या शंकूच्या कडेला पट्टी लावली, तर कड सातच्या बरीच पुढे गेली, आणि चूक लक्षात आली. पत्रा कापणारा माणूस लांबी पत्र्यावरूनच मोजणार, तिरपी. मला हवी होती ती टोकापासून तोंडाच्या मध्यापर्यंतची उभी उंची. गणिताची बाई मी, आणि तेवढंच सांगायला विसरले होते.

उद्या जाऊन सांगू, म्हणता म्हणता पंधरा वर्षं गेली. बस स्टँडवरून शाळेकडे जाताना त्यांचं दुकान लागायचं. दरवर्षी एकदा तरी हाक यायची, “बाई, यंदा भरला का डबा?” मी हसून मान हलवायचे आणि पुढे सटकायचे. पण उभ्या उंचीबद्दल मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते, मग दुसरा शंकू बरोबर आला कसा? बाजरी ओतून ओतून जमवला, की त्यांना सगळं कळलं होतं? कळलं होतं तर बोलले का नाहीत?

सुट्टी संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. चाची म्हणाल्या, “तुमचं काय तरी हाय, घिऊन जा.” घराला लागूनच असलेल्या दुकानातल्या खिळ्यावरून त्यांनी तो पहिला शंकू काढून दिला. आत, टोकाला डाग देऊन एक तार सरळ उभी केलेली होती. मी तार मोजली. बरोबर सात इंच. ती तोंडाच्या बोटभर वर आली होती... वर्गात डबा रिकामा राहिला होता तेवढीच. मी विचारलं, हे कशासाठी ठेवलं होतं? चाचींना माहीत नव्हतं. माझी चूक म्हणून ठेवलं होतं, की त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं होतं, हे आता कुणाला विचारणार?

गेल्या आठवड्यात नववीला पुन्हा घनफळ आलं. मी मुद्दाम तोच शंकू घेतला. तीन वेळा बाजरी ओतली, डबा बोटभर रिकामा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, पत्रेवाल्याचं चुकलंय.”

“नाही,” मी म्हणाले, “माझं चुकलं होतं. त्यांना सांगायचं राहून गेलं.” मी शंकू उचलून ती तार सगळ्यांना दाखवली आणि फळ्यावर उंची लिहायला वळले.